संतकथा, मिशनचे कागद आणि इतिहासाची कसोटी

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव जतन केले आहे. साधारण दर दहा वर्षांनी ते दर्शनासाठी खाली आणले जाते आणि ‘गोंयच्या सायबा’च्या दर्शनाला सर्व धर्मांचे लोक रांगा लावतात. या संताबद्दल एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. त्यांना म्हणे भाषांचे दैवी वरदान होते. जिथे जात, तिथली भाषा न शिकताच ते लोकांशी बोलू शकत. 1622 मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्याविषयीचे आज्ञापत्र पुढच्या वर्षी पोप आठवे अर्बन यांनी काढले आणि त्यातही या वरदानाचा गौरव झाला.

आता झेवियर यांनी स्वतः लिहिलेली पत्रे पाहू. 1542 च्या मे महिन्यात ते गोव्यात उतरले आणि काही महिन्यांतच दक्षिणेच्या मोतीमारांच्या किनाऱ्यावर गेले. जानेवारी 1544 मध्ये कोचीहून लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की लोकांना आपली भाषा कळत नव्हती आणि आपल्याला त्यांची. म्हणून दोन्ही भाषा थोड्याफार जाणणारी माणसे त्यांनी जमवली, खटपटीने प्रार्थनांचे तमिळ भाषांतर करून घेतले आणि ते पाठ केले. 1549 मध्ये जपानमध्ये पोहोचल्यावरही तीच अडचण. भाषा येत नसल्यामुळे आपण या लोकांत पुतळ्यासारखे उभे असतो, अशा आशयाचे त्यांनी लिहिले आहे.

दोन्ही कागद चर्चचेच. एक संताच्या हातचा, दुसरा त्यांच्या संतपदाचे आज्ञापत्र काढणाऱ्या पोपचा. मग खरे काय मानायचे? एक कागद खरा आणि दुसरा खोटा, असे म्हणून मोकळे होता येईल का? की श्रद्धेचा विषय आहे, म्हणून प्रश्नच विचारायचा नाही? चर्चच्या इतिहासाचा शास्त्रशुद्ध अभ्यास नेमका इथे सुरू होतो, आणि त्याची पद्धत कोणालाही समजण्यासारखी आहे.

भांडणातून घडलेली शिस्त

चर्चचा पहिला सलग इतिहास चौथ्या शतकात पॅलेस्टाईनमधल्या सिझेरिया शहराचे बिशप युसेबियस यांनी लिहिला. त्यांनी जुनी पत्रे, राजाज्ञा आणि हुतात्म्यांचे वृत्तान्त आपल्या ग्रंथात जसेच्या तसे उतरवून घेतले. त्यातले कितीतरी मूळ कागद पुढे नाहीसे झाले, म्हणून त्यांचे ऋण फार मोठे. पण त्यांचा हेतू आधीच ठरलेला होता. देवाची योजना इतिहासात कशी यशस्वी झाली, हे त्यांना दाखवायचे होते. पुढची हजार वर्षे बहुतेकांनी याच चालीवर लिहिले.

कागद तपासून पाहण्याची सवय पुढे लागली. पंधराव्या शतकात लोरेंझो वाल्ला नावाच्या इटालियन विद्वानाने ‘कॉन्स्टंटाईनचे दानपत्र’ तपासायला घेतले. चौथ्या शतकातल्या रोमन सम्राटाने पश्चिमेकडचा अधिकार पोपला देऊन टाकला, असे या दानपत्रात म्हटले होते आणि पोपच्या राजकीय सत्तेसाठी ते दाखवले जाई. 1440 मध्ये वाल्लाने सिद्ध केले, की त्यातली लॅटिन भाषा चौथ्या शतकातली असूच शकत नाही. रोमच्या दरबाऱ्यांना त्यात ‘क्षत्रप’ म्हटले होते. त्या काळी रोममध्ये अशी पदवी कोणाला नव्हती. दानपत्र बनावट होते आणि बहुधा आठव्या शतकात रचलेले होते. विशेष म्हणजे हाच वाल्ला काही वर्षांनी पोपच्या कचेरीत सचिव म्हणून रुजू झाला.

मग सोळाव्या शतकात युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी फूट पडली. लूथरच्या अनुयायांनी 1559 ते 1574 या काळात चर्चचा प्रचंड इतिहास छापून पोपसत्ता मूळ वाटेवरून कशी ढळली, हे मांडले. उत्तर म्हणून रोममधून कार्डिनल बारोनियस यांनी 1588 पासून बारा खंड लिहिले. दोघांनाही वाद जिंकायचा होता. पण जिंकण्यासाठी कागद दाखवावा लागे आणि समोरचा पक्ष प्रत्येक कागदाची तारीख, शिक्का, भाषा तपासून पाही. या भांडणातून तपासणीची शिस्त तयार झाली. 1681 मध्ये झाँ माबियाँ या फ्रेंच संन्याशाने जुने दस्तऐवज अस्सल की बनावट हे ओळखण्याचे नियमच ग्रंथरूपाने मांडले. बोलांडिस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या येशूसंघीय अभ्यासकांनी 1643 पासून संतचरित्रांच्या जुन्या प्रती ताडून छापायला सुरुवात केली. एका संन्यासी संघाची स्थापना थेट बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याने केली, हा दावा त्यांनी नाकारला, तेव्हा 1695 मध्ये स्पेनच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, त्यांच्या खंडांवर बंदी घातली. ते काम मात्र थांबले नाही.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. चर्चच्या इतिहासाची चिकित्सा कोणी बाहेरून येऊन चर्चवर लादलेली नाही. तिची कितीतरी हत्यारे चर्चच्या माणसांनीच घडवली आणि त्यांपैकी काहींनी त्याची किंमतही मोजली.

बखर वेगळी, अस्सल पत्र वेगळे

मराठी वाचकाला ही चिकित्सा परकी वाटू नये. वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता. घटनेच्या वेळी लिहिलेले पत्र आधी आणि अनेक वर्षांनी लिहिलेली बखर नंतर. बखर टाकाऊ नसते, पण तिच्याकडून घटनेची तारीख घेताना सावध राहावे लागते.

झेवियर यांच्या बाबतीत हीच मोजपट्टी लावू. पत्रे ते स्वतः, त्याच काळात, काम चालू असताना लिहीत होते. वरदानाची कथा त्यांच्या मृत्यूनंतर वाढत गेली आणि 1552 ते 1622 या सत्तर वर्षांत तिला अधिकृत रूप आले. संतपदाच्या चौकशीत साक्षी घेतल्या गेल्या, पण अनेक साक्षीदार दशकांपूर्वीच्या आठवणी सांगत होते. म्हणून झेवियर यांना भाषा येत होती का, या प्रश्नाला उत्तर पत्रे देतील. ती सांगतात, की त्यांनी दुभाष्यांच्या मदतीने आणि पाठांतराने काम भागवले.

मग कथा निरुपयोगी ठरते का? मुळीच नाही. तिला फक्त वेगळा प्रश्न विचारायचा. सतराव्या शतकातल्या कॅथलिक जगाला संत कसा हवा होता? नव्या मुलुखांत धर्म पसरत असताना भाषेची भिंत केवढी मोठी वाटत होती, की ती ओलांडण्यासाठी चमत्कारच हवासा वाटला? या प्रश्नांसाठी कथा हाच अस्सल पुरावा आहे. झेवियर यांच्याबद्दल ती कमी सांगते, तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांबद्दल पुष्कळ. म्हणजे साधन खरे की खोटे एवढे विचारून भागत नाही. ते कोणत्या प्रश्नाचे साधन आहे, हे ठरवावे लागते.

पत्र कोणी वाचावे म्हणून लिहिले?

समकालीन पत्र हाती आले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. झेवियर ज्या येशूसंघाचे होते, त्याचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी 1542 मध्ये आपल्या एका सहकाऱ्याला पत्रलेखनाची रीत समजावून सांगितली. मुख्य पत्र असे लिहावे, की ते कोणालाही दाखवता येईल आणि वाचून लोकांची श्रद्धा वाढेल. अडचणी, तक्रारी, आजार, खासगी बाबी वेगळ्या चिटोऱ्यांवर लिहून सोबत जोडाव्यात. येशूसंघीयांची भारतातून गेलेली पत्रे याच शिस्तीत तयार झाली. त्यांच्या नकला युरोपभर फिरत आणि पुष्कळशी छापलीही जात.

सासरी गेलेल्या मुलीचे पूर्वीचे पत्र आठवावे. ते पोस्टात पडण्याआधी सासरची मंडळी वाचणार आणि माहेरीही घरभर फिरणार, हे तिला ठाऊक असे. ‘इकडील सर्व क्षेम’ असे त्यात लिहिलेले असे आणि ते खोटे असेलच असेही नाही. पण आईसाठी भावाच्या हाती गुपचूप दिलेली चिठ्ठी सापडली, तर त्या घराचे चित्र वेगळे दिसेल. इतिहासकार दोन्ही वाचतो. दोन्हींत जे सारखे आहे ते बऱ्यापैकी पक्के धरतो आणि जिथे फरक आहे तिथे थांबून त्याचे कारण शोधतो.

एकोणिसाव्या शतकातल्या मिशनच्या कागदांनाही हा नियम लागू पडतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत आले. 1831 मध्ये अहमदनगरला काम सुरू झाले आणि 1842 पासून तिथून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. या मिशनचे अहवाल अमेरिकेत बोस्टनला जात आणि निवडक भाग तिथल्या ‘मिशनरी हेराल्ड’ मासिकात येई. ते वाचणारे लोक चर्चमध्ये जाणारे होते, वर्गणी देणारे होते. साहजिकच काळोखात बुडालेला देश, कष्टाळू मिशनरी आणि बदललेला एखादा जीव, अशा घाटाच्या गोष्टी तिथे शोभत. याउलट शाळेच्या हजेरीपटात, पगाराच्या हिशेबात किंवा मिशनऱ्यांच्या आपसातल्या वादाच्या पत्रांत लेखकाला कोणावर छाप पाडायची नसते. म्हणून हे कंटाळवाणे कागद अनेकदा जास्त विश्वासार्ह ठरतात.

पुरावा सांगतो तेवढेच

पुराव्याला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त बोलायला लावणे, ही या अभ्यासातली सगळ्यात मोहक चूक. संत थॉमस यांची कथा हे त्याचे उत्तम उदाहरण.

येशूचे शिष्य थॉमस इसवी सन 52 मध्ये केरळात कोडुंगल्लूरला आले, अशी तिथल्या ख्रिस्ती समाजाची दृढ परंपरा आहे. दुसरीकडे तिसऱ्या शतकात सिरियाक भाषेत लिहिलेल्या ‘थॉमसची कृत्ये’ या ग्रंथात ते गुंडफर नावाच्या भारतीय राजाकडे गेल्याचे सांगितले आहे. हा राजा काल्पनिक असावा, असे बराच काळ मानले गेले. मग एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तान आणि पंजाबात त्याची नाणी सापडली. पेशावरजवळच्या तख्त-ए-बाही इथल्या शिलालेखात त्याच्या कारकिर्दीचे सव्विसावे वर्ष आणि एका संवताचे 103 वे वर्ष नोंदलेले मिळाले. तो संवत इसवी सनपूर्व 57 मध्ये सुरू होणारा असेल, तर हे वर्ष इसवी सन 46 च्या आसपास येते. म्हणजे राजा खरा आणि काळही जुळणारा.

यातून काय सिद्ध झाले? एवढेच, की ग्रंथाच्या लेखकापर्यंत पहिल्या शतकातल्या वायव्य भारताची एक खरी आठवण पोहोचली होती. थॉमस तिथे गेले, हे नाण्यांनी सिद्ध होत नाही. ते गेले नाहीत, असेही ठरत नाही. केरळच्या परंपरेबद्दल तर ही नाणी काहीच बोलत नाहीत. प्रामाणिक अभ्यासक इथे थांबतो आणि विधानांना पायऱ्या देतो. काही गोष्टी निश्चित, काही संभाव्य, काही नुसत्या शक्य आणि काही परंपरेने सांगितलेल्या.

याच पायऱ्यांवर पुढचे पुरावे ठेवून पाहू. सहाव्या शतकाच्या मध्याला कॉस्मास या ग्रीक भाषक व्यापारी-लेखकाने ‘कल्लियाना’ इथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. ते आपले ठाणे जिल्ह्यातले कल्याण असावे, असे काही विद्वान म्हणतात, तर काही ते दक्षिणेत शोधतात. म्हणून कोकणात सहाव्या शतकात ख्रिस्ती समाज असणे ही शक्यता झाली, निश्चिती नव्हे. केरळात कोल्लमच्या ताम्रपटांनी मात्र पाय घट्ट रोवता येतो. 849 च्या सुमारास तिथल्या राज्यकर्त्याने तरिसापळ्ळी या चर्चला जमीन आणि हक्क दिले. साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू लिप्यांत आहेत. चर्च होते, त्याला राजाश्रय होता आणि त्याच्या भोवती समुद्रापारच्या व्यापाऱ्यांचे जग होते, हे निश्चित.

ठाणे, 1321: एका घटनेच्या दोन साक्षी

दोन साक्षी कशा ताडायच्या, हे ठाण्यातच शिकता येते. एप्रिल 1321 मध्ये चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्यात मारले गेले. धर्मावरून झालेल्या वादानंतर तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांना मृत्युदंड दिला. त्यांचा सोबती जॉर्डानस हा डोमिनिकन संन्यासी त्या वेळी भडोचच्या वाटेवर होता. बातमी कळताच तो परतला आणि त्याने सोबत्यांची प्रेते सोपाऱ्याला पुरली. त्याच वर्षी त्याने आपल्या धर्मबंधूंना पत्र लिहिले. त्यात शोक आहे, एकटेपणा आहे आणि मदतीची मागणी आहे.

काही वर्षांनी ओडोरिक हा इटालियन संन्यासी ठाण्याहून गेला. त्याने हुतात्म्यांच्या अस्थी उचलून चीनला नेल्या आणि 1330 मध्ये मायदेशी परतल्यावर आपला प्रवास सांगून लिहवून घेतला. या वृत्तान्तात आगीने न जळणारा संन्यासी आहे, अस्थींनी घडवलेले चमत्कार आहेत आणि लांबलचक संवादही आहेत.

दोघांपैकी कोणीही घटना डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, हे आधी ध्यानात घ्यावे. तरी जॉर्डानस काळाने आणि अंतराने जवळचा. ठिकाण, मृतांची संख्या आणि मृत्यूचे कारण यांबाबत दोघांचा मेळ बसतो, म्हणून घटनेचा गाभा पक्का धरता येतो. संवादांना ऐतिहासिक नोंद म्हणता येत नाही, कारण हुतात्म्याच्या कथांत असे संवाद घालण्याची रीत जुनीच होती. आणि तिसरी साक्ष, म्हणजे ठाण्याच्या अधिकाऱ्यांची बाजू, आपल्याकडे नाही. ती कशी असेल याची कल्पना करून लिहिणे हा इतिहास नव्हे. पण ती जागा रिकामी आहे, हे वाचकाला सांगणे हे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.

कागदच जाळले गेले असतील तर?

कधी कधी पुरावा मुद्दाम नष्ट केला जातो. 1599 मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी केरळात उदयंपेरूर इथे धर्मसभा बोलावली. तिथल्या प्राचीन ख्रिस्ती समाजाला रोमच्या शिस्तीत आणण्यासाठी अनेक सिरियाक ग्रंथ दोषी ठरवले गेले आणि कितीतरी जाळले गेले. त्या समाजाचे त्याआधीचे बोलणे त्यामुळे फार थोडे उरले आहे.

गोव्याचे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविरोधी वागणुकीचा तपास करून शिक्षा देणारे न्यायालय, 1560 मध्ये सुरू झाले. 1774 मध्ये ते बंद झाले, 1778 मध्ये पुन्हा आले आणि 1812 मध्ये कायमचे संपले. त्यानंतर त्याची बहुतांश कागदपत्रे नष्ट करण्यात आली. मग अभ्यास कसा करायचा?

पहिला मार्ग म्हणजे उरलेले तुकडे जमवणे. 1561 ते 1623 या काळातल्या खटल्यांची एक जंत्री लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार आहे. गोव्यात कैद भोगलेल्या देलाँ या फ्रेंच वैद्याने 1687 मध्ये छापलेला वृत्तान्त आहे. अनंत काकबा प्रियोळकर या मराठी संशोधकाने 1961 मध्ये या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहून अशी साधने सामान्य वाचकांसमोर आणली.

दुसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. बंदीचा हुकूम उलट बाजूने वाचायचा. 1736 मध्ये इन्क्विझिशनने एक लांबलचक जाहीरनामा काढला. लग्नातली पारंपरिक गाणी, हळदीचे विधी, पान-सुपारी वाटणे, दारात तुळस ठेवणे अशा कितीतरी गोष्टी ख्रिस्ती घरांसाठी त्यात निषिद्ध ठरवल्या. हुकूम काढणाऱ्याला आपला दरारा दाखवायचा होता. पण वाचणाऱ्याच्या लक्षात येते, की धर्मांतराला पावणेदोनशे वर्षे होऊनही ही गाणी आणि हळद चालूच होती. नाहीतर बंदी घालायची कशाला? दडपणाऱ्याच्या कागदातूनच दडपलेल्यांचे जगणे असे डोकावते.

मिशनरी बाजूला, माणसे मध्यभागी

फार काळ भारतातल्या चर्चचा इतिहास म्हणजे परदेशातून आलेल्या धर्मप्रसारकांचा इतिहास, अशी समजूत होती. 1935 मध्ये स्थापन झालेल्या ‘चर्च हिस्टरी असोसिएशन ऑफ इंडिया’ या संस्थेने 1970 च्या दशकात जाणीवपूर्वक वेगळी दिशा घेतली. तिने अनेक खंडांची योजना आखली. हा इतिहास भारतीय लोकांच्या सामाजिक-सांस्कृतिक इतिहासाचा भाग म्हणून लिहायचा आणि कोणत्याही एका पंथाची बाजू न घेता लिहायचा, असे ठरले. ए. मथायस मुंडाडन यांचा पहिला खंड 1984 मध्ये आला.

दृष्टी बदलली, की प्रश्नही बदलतात. लोक ख्रिस्ती का झाले? एकच कारण सांगणारा लेखक बहुधा चुकतो. तमिळ किनाऱ्यावरच्या परवर मच्छीमारांनी 1530 च्या दशकात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा व्यापारी प्रतिस्पर्ध्यांपासून पोर्तुगीजांचे संरक्षण हे मोठे कारण होते. गोव्यात देवळे पाडली गेली, अनाथ मुलांविषयीचे कायदे झाले, नोकऱ्यांत ख्रिस्ती लोकांना झुकते माप मिळाले. ही जबरदस्ती आणि हे प्रलोभन कागदोपत्री सिद्ध आहे आणि ते स्पष्टपणे लिहायला हवे. पण वसईत 1739 मध्ये पोर्तुगीज सत्ता संपली, तरी तिथला ख्रिस्ती समाज आणि त्याची चर्चे टिकली. केवळ सत्तेने याचा उलगडा होत नाही. अहमदनगर भागात महार आणि मांग कुटुंबांनी मिशनची वाट धरली, तेव्हा शाळा, मान आणि दुष्काळातला आधार यांची सरमिसळ होती. त्यातला कोणता धागा कुठे किती बळकट होता, हे गाव पाहून, काळ पाहून ठरवावे लागते.

या दृष्टीने पाहिले, की विस्मृतीत गेलेली माणसे पुढे येतात. दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण कुटुंबातले मातेउस द कास्त्रो यांना गोव्याच्या आर्चबिशपांनी दीक्षा नाकारली. ते रोमला गेले, तिथे धर्मगुरू झाले आणि 1637 मध्ये बिशप. परतल्यावर ते आदिलशाही मुलुखात, डिचोलीत राहिले आणि पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी झगडले. त्या काळी पोर्तुगालच्या राजाला आपल्या प्रदेशातले बिशप सुचवण्याचा हक्क पोपने दिलेला होता. या व्यवस्थेला पाद्रोआदो म्हणत. पोर्तुगीज कागदांत कास्त्रो बंडखोर दिसतात, तर रोमच्या धर्मप्रसार खात्याच्या लेखी ते एक उपयोगी बिशप होते. एका दफ्तरावर विसंबले, तर अर्धाच माणूस हाती लागतो.

स्त्रियांचा आवाज तर सरकारी आणि मिशनच्या दफ्तरांत फारच क्षीण. फेब्रुवारी 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या दृष्टीने हे एका विद्वान ब्राह्मण कवीचे आगमन होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात तीच घटना संसाराची ताटातूट होऊन येते. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, आपल्या मनाच्या वाटेने चालत. धर्मांतर हा एका दिवसाचा विधी नसून अनेक वर्षांचा, अनेक माणसांना गुंतवणारा प्रवास असतो, हे कोणत्याही अहवालापेक्षा हे पुस्तक नीट समजावते. अर्थात त्यालाही कसोटी आहेच. त्याचा पहिला भाग 1934 मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी प्रसिद्ध झाला. मनाच्या अवस्थेसाठी ते अमोल साधन, पण तारखांसाठी समकालीन नोंद पाहावी.

श्रद्धा आणि तपास

श्रद्धावंताने हा अभ्यास करावा का? आणि श्रद्धा नसलेल्याला तो जमेल का? माझे उत्तर दोन्हींसाठी होकारार्थी आहे, एका अटीवर. दोघांनीही पुराव्याचे तेच नियम पाळले पाहिजेत.

चमत्कार घडला का, हे इतिहासाच्या साधनांनी ठरत नाही. अमुक वर्षी अमुक लोकांनी तो घडला असे मानले आणि त्यामुळे ते असे वागले, एवढे ठरते. देवाची इच्छा हे कारण म्हणून इतिहासकार लिहू शकत नाही, कारण ते तपासता येत नाही. पण लोकांची श्रद्धा हे कारण त्याला टाळताही येत नाही. सगळे काही पैसा आणि सत्ता यांतच मोजणारा लेखक, उपास धरणाऱ्या, गाणी रचणाऱ्या, तुरुंगात जाणाऱ्या माणसांवर अन्याय करतो.

या विषयात दोन प्रकारचे लेखन वाचकाला वारंवार भेटते. एकात मिशनरी देवदूत असतात, दुसऱ्यात राक्षस. दोन्हींची कागद निवडण्याची रीत मात्र एकच. आपल्या बाजूचा कागद उचलायचा, उरलेले झाकून ठेवायचे. त्यावर उपाय हाच, की आपल्या मताला सर्वांत जास्त छेद देणारा पुरावा आधी शोधायचा. चर्चवर प्रेम करणाऱ्याने इन्क्विझिशनची जंत्री वाचावी. चर्चवर राग असणाऱ्याने ‘स्मृतिचित्रे’ वाचावे. त्यानंतरही आपले मत टिकले, तर ते अधिक भक्कम होईल.

चौकट: कोणताही कागद हाती आला, की

• हा कोणी, कधी, कुठे लिहिला? घटनेपासून किती वर्षे आणि किती मैल दूर?
• कोणी वाचावा म्हणून लिहिला? पैसा, परवानगी की कौतुक, लेखकाला काय हवे होते?
• दुसऱ्या भाषेतली, दुसऱ्या दफ्तरातली साक्ष याच्याशी जुळते का?
• हा कागद कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो आणि कोणत्या प्रश्नाचे नाही?
• निष्कर्ष कोणत्या पायरीवर आहे? निश्चित, संभाव्य, शक्य की परंपरा?
• यात कोणाचा आवाज नाही? तो दुसरीकडे कुठे ऐकू येईल?

आपल्या हातातले काम

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात राचोल इथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे 1649 आणि 1654 मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. मराठीतला एवढा मोठा ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हस्तलिखितांमुळे. मराठी साहित्याचा, कोकणातल्या जमीनव्यवहाराचा, जातीचा, स्त्रीशिक्षणाचा, छपाईचा इतिहास लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला चर्चची दफ्तरे उघडावीच लागतात. म्हणून हा विषय फक्त सेमिनरींवर सोडून चालणार नाही. विद्यापीठांच्या इतिहास आणि मराठी विभागांत त्याला जागा हवी. त्यासाठी पोर्तुगीज आणि लॅटिन वाचणारे, मोडी जाणणारे आणि वसई, नगर, साष्टीतल्या बोली कानांनी ओळखणारे तरुण अभ्यासक हवेत.

पणजीच्या पुराभिलेखागारात आणि रोम-लिस्बनच्या दफ्तरांत जे आहे, ते बऱ्यापैकी सुरक्षित आहे. काळजी वाटते ती गावोगावच्या कपाटांची. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये धर्मगुरूंना विवाहांची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या अशा वह्या आज अनेक चर्चांत आहेत. त्यांत साथी आहेत, स्थलांतरे आहेत, कोणाची कोणाशी सोयरीक होत होती याचा माग आहे. मराठी मंडळ्यांच्या सभावृत्तांताच्या वह्या, शिक्षकांच्या नेमणुकांची पत्रे, ‘बायबल वुमन’ म्हणून गावोगाव फिरलेल्या स्त्रियांच्या नोंदी यांचेही तसेच. कोकणातली दमट हवा आणि वाळवी कोणाच्या श्रद्धेची वाट पाहत नाहीत. ज्या चर्चच्या कपाटात अशी वही आहे, त्याने ती या वर्षीच बाहेर काढावी, पानन्‌पान छायाचित्रित करावे आणि मूळ वही कोरड्या जागी ठेवून प्रत अभ्यासकांना खुली करावी. हे झाले, तरच पुढच्या पिढीला तपासायला काही उरेल.